उगवतीचा खांदा

"खांड गेलीऽऽ! घराटी एक मानूसऽऽ, घराटी एक फावडाऽऽ!"

जनूची ती हाक. जनू मरून किती पावसाळे झाले, पण इंदुबाईच्या कानात ती अजून वाळली नव्हती. बांध फुटला की गल्लीगल्लीतून हाक देत फिरायचं, हे गावानं जनूच्या घराला दिलेलं काम. त्या वर्षी तो घोटाभर खाऱ्या पाण्यातून चालत गेला तेव्हा इंदू बाळंतिणीच्या खाटेवर होती. खाटेच्या पायांखाली विटा लावलेल्या. पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. कुशीतली पोर तापानं फणफणलेली. हाकेसरशी पोरीनं डोळे उघडले, एवढं इंदुबाईला आठवतं. मधलं आठवत नाही. मग एका दिवेलागणीला सासरा चिखलानं भरून आला, उंबऱ्यातच थांबला आणि आत न बघता म्हणाला, "मसनवट्यात भेंडीखाली ठेवली. आता रडायचं नाय. छातीला फडकं बांध, दूध आटंल."

तिनं फडकं बांधलं. दूध आटलं.

यंदा खांड गेली तेव्हा कोणी हाक दिली नाही.

नारळी पौर्णिमेचं उधाण होतं. सकाळी तिचा नवरा पुंडलिक बांधावर जाऊन आला, दारात पाय धुतले आणि चुलीपाशी येऊन बसला. इंदुबाईनं चहा पुढं केला. अर्धा कप संपल्यावर तो म्हणाला,

"खांड गेली."

"कुठं?"

"जुन्या जागी."

ती भाकरी थापत होती. थापून झाल्यावर तिनं ती तव्यावर टाकली, वर पाण्याचा हात फिरवला.

"राता?"

"उभा हाय अजून. पान्यात."

राता म्हणजे खारीतलं तांबडं भात. थोडं मीठ सोसतं. थोडंच.

बेणखारच्या एका अंगाला धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि मध्ये मातीचा बांध. भरतीला खाडी शेतांपेक्षा वर चढते. बांध आहे म्हणून जमीन आहे, नाहीतर सगळं खाजणच. कोण्या काळी वाडवडिलांनी चिखलातून ही खार वर काढली, आत भात लावलं, पलीकडं मिठागरं मांडली. पडाव भरभरून भात आणि मीठ मुंबईला गेलं. ज्याची खारीत जमीन, त्याचा बांधात वाटा. या सगळ्यांची मिळून जोळ. बांधाच्या कामाला जो घरी राहील त्याच्या दारच्या लग्नाला कोणी जात नसे. पुढं मिठागरं पडीक झाली. वडखळच्या बाजूला कंपन्या आल्या, रोह्याला आल्या. मुसलमान आळीतली पोरं आखातात गेली आणि कौलांच्या जागी स्लॅब आले. जोळ कोणी मोडली नाही. माणसं नुसती येईनाशी झाली. बांधाला चिंबोऱ्यांनी बिळं पाडली, ती बुजवायला कोणी गेलं नाही.

त्याच दुपारी पुंडलिक स्वतःच हाक द्यायला निघाला. त्याचा आवाज हाकेचा नव्हता. मारुतीच्या देवळापासून त्यानं सुरुवात केली. "खांड गेली होऽऽ" म्हणताना पहिल्यांदाच घसा खरवडला. पुढच्या घरात टीव्ही लागलेला होता. ओट्यावर पत्ते खेळणाऱ्यांतल्या एकानं मान वर केली.

"दादा, भंगार घेतोस काय? आमची सायकल हाय बघ जुनी."

पत्ते थांबले नाहीत. बाकीचे हसले. पुंडलिकही थोडा हसला. गोदूबाई दारात सुकट निवडत होती, तिनं हातातलं सूप बाजूला केलं.

"काय रे पुंडलिका, कोन यनार तुझ्या बांधाला? माझा नातू नाईट करून झोपलाय. त्या चिखलात आता हाय काय? पनवेलचा मानूस प्लॉट घेतो म्हनतोय. खारा काय, गोडा काय, त्याला भात थोडंच लावायचंय!"

"तुझ्या घरचा वाटा हाय बांधात, गोदूवयनी."

"माझ्या घरचा वाटा माझ्या सासऱ्यासंगं जळला."

तो पुढच्या आळीत गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज पार बसलेला होता. इंदुबाईनं त्याला गुळाचा खडा दिला. तो तोंडात धरून त्यानं कोपऱ्यातला फावडा काढला आणि दगडावर घासायला बसला.

लतीफ संध्याकाळी स्वतःहून आला. पुंडलिकाच्या वयाचा, त्याच्याच बांधाला बांध लागून शेत. लतीफचा मुलगा तौहीद कुवेतला होता, तरी लतीफ अजून लुंगी गुडघ्यावर बांधून शेतात उतरायचा. तो खांड बघूनच आला होता.

"पुंडलिकभाव, तली खोल गेलीय. बांबू घातला, टेकला नाय. अशी खांड समोरासमोर भरायला आख्खं गाव लागतं. तुझ्या बापाच्या वेळंला होतं गाव. आता कुठनं आनशील?"

"मग?"

"आतनं वळसा घेऊ. खांड सोडून द्यायची. मागं उंचवटा हाय, तिथनं कमरेएवढा बांध वळवायचा नि दोन्हीकडं जुन्या बांधाला जोडायचा. कोपऱ्यातली दोन खाचरं जातील. एक तुझं, एक माझं. जाऊंदे. बाकीची खार वाचतेय. एवढ्या कामाला मी पोरं उठवून आनतो."

इंदुबाई आतून ऐकत होती. तिला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

"वळसा नाय," पुंडलिक म्हणाला.

"अरे, का?"

"बांध हाय तिथंच राहील."

"तुझ्या एका खाचरापायी गावाची खार घालवतोस?"

पुंडलिक फावड्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिला. लतीफ "अल्ला तुला अक्कल देवो" म्हणून उठला, आणि दुसऱ्या दिवशीच्या सुकतीला, ओहोटी लागताच, आपला फावडा घेऊन बांधावर हजर झाला.

उधाण ओसरलं, भांग लागला. भांगाच्या दिवसांत भरती फार चढत नाही. तेवढ्याच दिवसांत खांड बांधून घ्यायची. अवसेला खाडी पुन्हा फुगणार. ती अवस पिठोरीची. हे बांधावर उभ्या असलेल्या तिघांनाही माहीत होतं.

सुकती लागली की काम. सुकती कधी पहाटे, कधी भर दुपारी. आधी दोन्ही अंगांना मेखा ठोकायच्या, त्यांना बांबूचा कूड बांधायचा, आत पेंढा दाबायचा. मग खाजणातल्या चिकट मातीच्या ढेपा कापायच्या आणि विटेवर वीट ठेवावी तशा रचायच्या. पूर्वी खाजणापासून बांधापर्यंत माणसांची रांग लागे, ढेप हातोहात जाई, कोणाला पाय उचलावा लागत नसे. आता पुंडलिक कापायचा, इंदुबाई पोटाशी धरून न्यायची, लतीफ रचायचा. प्रत्येक पावलाला चिखल पाय धरून ठेवी. पाय सोडवला की मागं भोक राही, त्यात पाणी भरे. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर ढेपेचं वजन कळेनासं होई. हात आपले आहेत, हेही कळेनासं होई. तिला ते बरं वाटे.

खाऱ्या पाण्यानं बोटांच्या बेचक्या फाटल्या. रात्री ती त्यांत खोबरेल भरायची, सकाळी पुन्हा तेच. पुंडलिकाच्या पिंढरीवर मेख घासून जखम झाली होती. तिच्या कडा पांढऱ्या पडल्या, तरी तो लंगडला नाही.

त्याच्या कामात एक गोष्ट मात्र वेगळी होती. खांडीला दोन खांदे होते, तुटलेल्या बांधाची दोन तोंडं. मावळतीच्या खांद्यावरून तो खुशाल चाले, तिथली सैल माती ओढून घेई. उगवतीच्या खांद्याला हात लावू देत नसे. भरती येऊन गेली की त्या खांद्यातून टोपलीभर माती ढासळलेली असे. पुंडलिक पहिल्यांदा तिकडं जाई, खाली वाकून ती माती हातात घेई, बोटांनी चाळून बघे आणि परत जागच्या जागी थापी. मगच बाकीचं काम.

"सोनं पुरलंय काय रं तुझ्या बापानं?" लतीफ एकदा म्हणाला.

पुंडलिक म्हणाला, "चिंबोरीची बिळं बघतोय."

एका दुपारी, रांगेतल्या बायका म्हणत त्या ओव्या इंदुबाईच्या तोंडी आपोआप आल्या. तिनं आवाज चढवला नाही. ढेपेच्या ओझ्याबरोबर ओळ बाहेर पडत गेली.

बांध गो बांधियेला, खाडीच्या तोंडावरी
बयेच्या लेकाचा हात, पहिल्या ढेपीवरी

भरती ये गो जा गो, सुकती टिकू द्यावी
मातीला दिली ठेव, मातीत राहू द्यावी

"ते नको म्हनूस," पुंडलिक म्हणाला.

"काय झालं?"

"नको म्हनूस एवढंच."

तिनं पुढची ढेप उचलली. म्हणावंसं फार वाटतही नव्हतं.

गोकुळअष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गावात दहीहंडी. भांग ऐन मध्यावर, काम करायला याच्यापेक्षा चांगला दिवस नाही. बांधावरून ढोलाचा आवाज ऐकू येत होता. लतीफ पाठ धरून बसला होता, रात्रीपासून त्याची पाठ आखडली होती.

"एकाच्या खांद्यावर एक, पाच थर लावतात," तो गावाकडं बघत म्हणाला. "बांधावर एक थर लावायला कोन नाय."

त्या दिवशी जगन आला. हा त्यांचा एकुलता, पोरीनंतर झालेला. रोह्याला कंपनीत होता, तिथल्या अष्टमी गावात खोली घेऊन चौघांत राहायचा. सुट्टी काढून हंडीला आला होता, तो अंगावर दही-पाण्यासकट बांधावर आला. बापाकडं बघून त्यानं शर्ट काढला आणि बोलण्याआधी ढेपा उचलायला लागला. सुकती संपेपर्यंत उचलल्या. कंपनीच्या हातमोज्यांत राहून मऊ पडलेले त्याचे तळवे सोलून निघाले. पाणी चढू लागलं तेव्हा तो बांधावर बसला आणि तळव्यांवर फुंकर घालत म्हणाला,

"बाबा, हे भरनार नाय. तुमाला पन म्हायती हाय."

पुंडलिक मेखेला सुंभ आवळत होता.

"लतीफचाचा बोलतोय तसा वळसा घेऊ. पोरांना मी तयार करतो. सगळी येतील. एका सुकतीत काम होतं."

"वळसा नाय."

"का नाय? कारन सांगा. गाव म्हनतंय, पुंडलिक म्हात्र्याला चळ लागला. कंपनीत मना विचारतात, तुझा बा खाडीसंगं लगीन लावनार हाय काय. हसतात सगळी."

"हसूंदे."

"हसूंदे काय! आई बघा. हाडं दिसायला लागलीत तिची."

पुंडलिकानं इंदुबाईकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी बघितलं असावं. मग तो पुन्हा सुंभ आवळू लागला.

संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर सोडायला आलेल्या आईला जगन म्हणाला, "तू समजाव गो त्यांना. अवसेच्या आदल्या सुकतीला मी परत येतो, पोरं घेऊन. ते नाय म्हनले तरी आमी वळसा घेनार. नायतर पुढच्या वर्षी ह्या खारीत कांदळ उगवंल."

"बरं," इंदुबाई म्हणाली. गडब गावाकडून येणाऱ्या एस.टी.चे दिवे लांबून दिसले. तिनं त्याच्या सोललेल्या तळव्यांत एक-एक खोबऱ्याचा तुकडा ठेवला, चोळायला.

तिनं समजावलं नाही. त्या घरात कोणी कोणाला समजावत नसे. जेवताना तिनं एवढंच विचारलं, "जगन सांगतो त्यात वाईट काय?" पुंडलिकानं ताटातला भात कडेला सारला आणि हात धुतला. दुसऱ्या सकाळी दोघं पुन्हा ढेपा वाहू लागले. कूड छातीपर्यंत आला होता. एका भरतीला तो मधोमध वाकला, दुसऱ्या भरतीला मोडला. पेंढा तरंगत आत शेतात गेला आणि पिवळ्या पडलेल्या रात्यावर पसरला. पुंडलिकानं नवा कूड बांधायला घेतला.

अवसेच्या आदल्या दिवशी इंदुबाईनं परसातून हळदीची पानं तोडून आणली. पिठोरीला पातोळ्या व्हायच्या. लेकरांसाठी आयांनी करायचा तो सण. वाण डोक्यावरून मागं द्यायचं आणि विचारायचं, अतिथी कोण? जगन उत्तर द्यायचा. दरसाल ती एक पातोळी बाजूला काढायची आणि संध्याकाळी खाडीकडंच्या मसणवट्यातल्या भेंडीच्या झाडाखाली ठेवून यायची. पुंडलिक तिला जाताना बघायचा. कधी सोबत आला नाही. पुरुषांना नसतं तसं, असं ती धरून चालली होती.

दुपारच्या सुकतीला पोरं खरंच आली. जगन पुढं, मागं नाईट करून झोपणारा गोदूबाईचा नातूसुद्धा. पत्ते खेळणाऱ्यांतलेही दोघं होते. गोदूबाई स्वतः पाण्याची कळशी घेऊन बांधावर येऊन बसली.

"आलीस होय, वयनी?" लतीफ म्हणाला.

"बघायला आली. माझ्या सासऱ्याचा वाटा हाय ना."

उंचवट्यावर लतीफनं दोरी धरली, वळशाची रेघ आखली. रांग लागली. किती वर्षांनी लागली. ढेप हातोहात जाऊ लागली, कोणीतरी शिवी दिली, कोणीतरी हसलं. कमरेएवढा बांध आकार घेऊ लागला. खांडीत, छातीभर चिखलात, पुंडलिक एकटाच मेखा ठोकत होता. त्यानं तिकडं बघितलं नाही. पोरांनी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

इंदुबाई दोघांच्या मध्ये उभी होती. मग ती वळशाकडं गेली आणि रांगेत शिरली. पुंडलिकाची मोगरी क्षणभर थांबली, पुन्हा सुरू झाली.

वळसा दोन्हीकडं जुन्या बांधाला जोडायचा होता. मावळतीकडून जोडला. उगवतीकडं यायला वेळ लागला, तोवर खाजणात पाणी परतू लागलं होतं; ढेपा कापायची जागाच बुडाली. पोरं एकमेकांकडं बघू लागली.

"माती संपली!" जगन ओरडला.

"जवळ पक्की माती हाय की," लतीफ म्हणाला. "तो खांदाच हाय उगवतीचा. वळशाच्या भायर राहतोय, आज नाय तर उद्या खाडी खानारच. तोच कापा."

कोणी पुढं झालं नाही. पुंडलिकाचा तो खांदा सगळ्यांनाच माहीत होता. जगननं फावडा उचलला आणि तसाच धरून राहिला. इंदुबाईनं त्याच्या हातातून तो घेतला.

ती खांद्यावर चढली. पाय रोवले, फावडा डोक्यावर नेला आणि खाली आणला. पातं मातीत शिरलं. पहिली ढेप सुटली, जुनी, घट्ट, आतून कोरडी. तिनं फावडा पुन्हा वर नेला.

पुंडलिक चिखलातून कसा वर आला ते कोणाला दिसलं नाही. फावडा खाली येताना त्याचा हात मध्ये होता. पातं अंगठ्याच्या मुळाशी लागलं. त्यानं हात काढला नाही. तळवा तसाच मातीवर पसरून ठेवला, जसा झोपलेल्याच्या अंगावर ठेवतात.

"अवं, सोडा!"

"नाय."

"पानी चढतंय. पोरं उभी हायत. सोडा म्हनते ना."

"इंदू, दुसरी माती घे."

"दुसरी माती कुठं हाय?" तिचा आवाज चढला नव्हता. ती फक्त दमली होती. "आटपूंदे त्यांना. मना पन घरी जायचंय. पानं आनून ठेवलीत, पीठ भिजवायचंय. उद्या पिठोरी. मना भेंडीखाली जायचंय."

लतीफनं हातातली दोरी खाली सोडली. खाडीचं पाणी खांडीतून आत शिरताना होतो तो बारीक आवाज तेवढा येत होता.

पुंडलिकाच्या हातातून रक्त येत होतं आणि चिखलात मिसळून दिसेनासं होत होतं. तो गुडघ्यांवर बसला. त्यानं नुकती सुटलेली ढेप उचलली, जागच्या जागी ठेवली आणि दाबली.

"भेंडीखाली नको जाऊस," तो म्हणाला.

"का?"

"भेंडीखाली काय नाय. कवाच नव्हतं."

इंदुबाईनं फावडा टेकवला.

"भेंडी पान्यात होती तेव्हा. मसनवटा पान्यात, आपली परस पान्यात. बाबा नि मी तिला घेऊन सगळीकडं फिरलो. कुठं ठेवनार? खनलं की पानी लागायचं. मानसं भरतीला घरी गेलेली, बांध कमरेपर्यंत आलेला. बाबांनी शपथ घातली, कुनाला बोलायचं नाय. लोक म्हनतील, बांध टिकावा म्हनून म्हात्र्यानं पोर घातली बांधात. तुला पन तसंच वाटंल, म्हनाले. म्हनून नाय बोललो."

त्याचा तळवा ढेपेवरून हलला नाही.

"ती हितं हाय, इंदू. ह्या खांद्यात. मी ठेवली, वरची ढेप मीच लावली. आख्ख्या गावात कोरडी माती तेवढीच होती गो."